शाळा बंद होती त्या दिवशी

चौथीच्या बाईंची नोकरी पक्की होती. संपावर बसायची त्यांना गरज नव्हती असं घरातले सगळे म्हणत, आणि ते खरंच होतं. त्या शाळेत शिक्षकांना नावानं कोणी हाक मारत नसे, जो वर्ग किंवा विषय शिकवायचा त्याचंच नाव चिकटायचं. मध्ये एक वर्ष बाईंना पाचवीवर टाकलं होतं, तरी सगळे त्यांना चौथीच्याच बाई म्हणत राहिले. ती बदली वस्तीनं काही मंजूर केली नाही, असं त्यांचे यजमान हसून सांगत.

भांडण सुरू झालं ते पहिलीच्या बाईंवरून. त्या तरुण होत्या, कंत्राटावर होत्या. वर्ष संपलं की त्यांना काढायचं आणि शाळा उघडली की पुन्हा बोलवायचं, असा शाळा चालवणाऱ्या कार्यालयाचा रिवाज. या खेपेला त्यांनी बाळंतपणाची रजा मागितली, तर उत्तर आलं की आता परत यायची तसदी घेऊ नका. आपली चित्रांची पुठ्ठ्याची पेटी न्यायला त्या शाळेत आल्या, तेव्हा पहारेकऱ्यानं त्यांना फाटकातच अडवलं. दिवस भरत आलेली बाई उन्हात उभी राहून पेटीची वाट बघतेय, हे चौथीच्या बाईंनी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. खडू ठेवून त्या खाली आल्या. त्यांच्यामागून गणिताचे सर आले, मग बाकीचे आले. असं कोणाकोणाला काढलं होतं, कोणाला बारीकसारीक कारणावरून कुठल्या कुठे फेकलं होतं, ते सगळं साचलेलं त्या दिवशी बाहेर पडलं. दुसऱ्या दिवसापासून फाटकाबाहेर ताडपत्री बांधून शिक्षक संपावर बसले.

मुख्याध्यापिका या चौथीच्या बाईंच्या सख्ख्या नणंद होत्या. घरी वन्सं आणि शाळेत मॅडम, ही कसरत बाईंच्या अंगवळणी पडली होती. संप सुरू झाल्यावर तो प्रश्नच मिटला, कारण वन्सं दोन्हीकडे बोलायच्या थांबल्या. कार्यालयाचा हुकूम आला, तशी त्यांनी शाळेच्या फाटकाला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि ताडपत्रीकडे न बघता निघून गेल्या.

सुरुवातीला वस्तीतले लोक चहाची किटली आणून देत. पण कामावर जाणाऱ्या आईबापांची मुलं घरात कोंडल्यासारखी झाली, आणि चहा बंद झाला. शाळेच्या उताराखाली एका बाईची इस्त्रीची टपरी होती. कोळशाची इस्त्री, समोर लांब टेबल, मागे गाठोड्यांचा ढीग. घर नदीकाठच्या खालच्या वस्तीत होतं. घरात ती, तिची थकलेली सासू आणि एकुलती एक मुलगी. मुलगी चौथीत होती. एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. गाठोडं डोक्यावर घेऊन ताडपत्रीसमोरून जाताना इस्त्रीवाली रोज थांबून विचारायची, "बाई, अजून किती?" आणि बाई रोज सांगायच्या, "आता संपेलच."

भिंगरी मात्र वही घेऊन थेट ताडपत्रीखालीच यायची. बाईंना चिकटून बसायची आणि भागाकार तपासून मागायची. एक-दोनदा बाईंनी तपासूनही दिला. मग कार्यालयातल्या कोणीतरी फोटो काढला, आणि शिक्षक मुलांना ढाल म्हणून पुढे बसवतात अशी बोंब झाली. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की ताडपत्रीखाली मूल दिसता कामा नये. गणिताच्या सरांनी प्रत्येकाला बजावून सांगितलं.

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. नदी फुगली होती, पण ती फुगतेच, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. त्या दिवशी सकाळी भिंगरी आली ती ओली होऊनच. वही तिनं फ्रॉकच्या आत लपवली होती. बाईंनी तिचं डोकं पुसलं आणि सांगितलं, "आज नाही ग. घरी जा, आजीजवळ बस." ती जरा रेंगाळली. बाईंनी पुन्हा, या वेळी जरा आवाज चढवून सांगितलं, तेव्हा गेली.

दुपारी वरच्या अंगाचा बंधारा फुटला.

आधी आवाज आला, मग उतारावरून माणसं वर येऊ लागली. कोणाच्या डोक्यावर गादी, कोणाच्या कडेवर शेजाऱ्याचं पोर, एका म्हाताऱ्याच्या हातात नुसतीच एक बादली. तिचं काय करायचं ते त्यालाही कळत नव्हतं. आसपास उंचावरची पक्की इमारत एकच होती, शाळा. बघता बघता फाटकाशी गर्दी झाली. पाऊस झोडपत होता आणि कुलूप तसंच होतं.

वन्सं जवळच राहत. कोणीतरी धावत जाऊन त्यांना घेऊन आलं. छत्री धरून त्या फाटकाशी उभ्या राहिल्या, एक हात पर्सवर घट्ट दाबून. फोन लागत नाही, वरून हुकूम नाही, संपवाल्यांना आत घेतलं असं उद्या माझ्यावर येईल, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्या दुष्ट नव्हत्या. आयुष्यभर त्यांनी हुकूम आल्याशिवाय खिडकीची काचसुद्धा बदलली नव्हती. बाईंनी त्यांना आधी मॅडम म्हणून विनवलं. मग जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाल्या, "वन्सं, लहान लेकरं आहेत हो. किल्ली द्या."

"तुला काय जातंय सांगायला," वन्सं म्हणाल्या. "नोकरी माझी जाईल."

शेजारच्या बांधकामावरून कोणीतरी पहार आणली होती. पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. गणिताचे सर म्हणाले, एवढं केलं तर संप गेला म्हणून समजा. बाईंनी पहार घेतली. ती त्यांना नीट पेलवतही नव्हती. पहिला घाव कुलपावर बसलाच नाही, फाटकाची सळई वाकली. दुसऱ्या घावाला कुलूप निखळलं. लोक आत लोटले, आणि वन्सं छत्री मिटून भिजत घरी गेल्या.

पुढचं काम ठरवून कोणी केलं नाही, होत गेलं. बाकं जोडून म्हाताऱ्यांना निजवलं. पडदे काढून पोरांची अंगं पुसली. प्रयोगशाळेच्या स्टोव्हवर पाणी उकळलं. कोण सापडलं, कोण नाही, ते गणिताचे सर फळ्यावर लिहीत होते आणि पुसत होते. ओली बाळंतीण असूनही पहिलीच्या बाई तान्ह्याला घेऊन आल्या आणि ज्या वर्गातून त्यांना हाकललं होतं, त्याच वर्गात रडणारी पोरं गोळा करून बसल्या.

चौथीच्या बाई मात्र दारातून हलत नव्हत्या. वर येणारं प्रत्येक डोकं बघत होत्या. संध्याकाळ व्हायच्या आत दोघा माणसांनी इस्त्रीवालीला धरून आणलं. पाणी आलं तेव्हा ती टपरीत होती. घराकडे धावली, छातीइतक्या पाण्यात शिरली, आणि लोकांनी तिला ओढून काढलं. "सोडा मला," एवढंच ती म्हणत होती, अगदी शांतपणे. तिला धरणाऱ्या माणसालाच ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी होडीवाल्यांनी सासूला एका पत्र्यावरून उतरवलं. म्हातारीची बोटं वळलेली होती, मूठ उघडत नव्हती. माझ्या हातातच होती, माझ्या हातातच होती, असं ती सांगत राहिली. पाणी ओसरल्यावर भिंगरी सापडली, गिरणीच्या भिंतीच्या कडेला, गाळात. ओळख पटवायला इस्त्रीवाली एकटीच गेली. बाई निघाल्या होत्या, पण तिनं मागे वळून हातानंच नको म्हटलं.

चौथीच्या वर्गात फळ्याखाली अंथरूण घालून ती सासूला घेऊन राहत होती. एका दुपारी ती बाईंना म्हणाली, "शाळा चालू असती तर ती इथंच असती. या वर्गात."

बाईंना कळत होतं की गप्प राहिलं तरी चालेल. त्या सकाळी ताडपत्रीखाली दुसरं कोणी आलं नव्हतं, कोणाला काही माहीत नव्हतं. पण त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"त्या सकाळी ती आली होती माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "वही घेऊन. मीच तिला घरी पाठवलं. जात नव्हती, तर ओरडले तिला."

इस्त्रीवालीनं सासूच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि पाठ फिरवून आडवी झाली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. बाईंनी आणलेला भाताचा वाडगा तिथंच गार व्हायचा. दुसऱ्या कोणी दिला तर ती दोन घास खायची.

बाहेर लोकांचा राग भडकला होता. माणसं बुडत होती आणि मास्तर मागण्या घेऊन बसले होते, असं वर्तमानपत्रात आलं. आदल्या दिवशी शिक्षकांच्या हातचं पाणी प्यालेला एक माणूस फाटकात उभा राहून त्यांनाच शिव्या देऊन गेला. त्याचं दुकान वाहून गेलं होतं, आणि शिव्या द्यायला नदी सापडत नव्हती. कार्यालयानं संधी साधली. माफी लिहून द्या, पहिलीच्या बाईंचा विषय सोडा, आणि कामावर या. काही जणांनी लिहून दिलंही. त्यांना तरी काय म्हणणार, त्यांच्या घरातही चिखलच होता.

चौथीच्या बाईंना घास गिळवत नव्हता. एकदा त्या यजमानांना म्हणाल्या की मी लिहूनच देते, संपामुळे पोर गेली म्हणून, काय शिक्षा करायची ती करू देत. त्यांचे यजमान औषधाच्या दुकानात कामाला होते, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "जे झालं ते लिही. त्यांना हवंय ते नको लिहू." मग त्यांना वाटलं की आपण जरा कडकच बोललो, आणि ते उठून बाईंसाठी चहा करायला गेले. त्यात साखर टाकायची विसरले. बाईंनी तो तसाच प्यायला, कारण चव कळतच नव्हती.

पहिलीच्या बाई आल्या त्या माघार घ्या असंच सांगायला. माझ्यापायी आता पुरे, माझं मी बघेन, तुम्ही सही करून टाका, असं म्हणताना त्या बाळाच्या टोपड्याची नाडी सारखी बांधत होत्या, सोडत होत्या. त्यांच्याकडे बघून बाईंना खिडकीतून दिसलेलं ते फाटक आठवलं. ते तेव्हाही चूक होतं आणि आताही चूकच होतं, एवढं एक त्यांना स्पष्ट दिसत होतं. बाकी सगळा अंधार. भिंगरीला घरी पाठवलं ती चूक या चुकीनं भरून निघत नव्हती, आणि त्या चुकीनं ही पुसली जात नव्हती. त्यांनी माफी लिहिली नाही.

चौकशी शाळेच्याच कचेरीत झाली. टेबलामागे कार्यालयाचे साहेब, शेजारी लिहून घेणारा कारकून, कोपऱ्यात वन्सं. बाईंवर दोन गोष्टी होत्या. एक, शाळेचं कुलूप फोडलं. दुसरी, संपामुळे एका मुलीचा जीव गेला. दुसऱ्या गोष्टीसाठी साहेबांनी इस्त्रीवालीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आवाज मऊ केला. दाराशी उभ्या असलेल्या बाईंना वाटलं, आता ही जे म्हणेल ते आपण मान खाली घालून कबूल करायचं.

साहेबांनी विचारलं, शाळा चालू असती तर मुलगी वाचली असती का.

"हो," ती म्हणाली. "वाचली असती. ती सकाळी आली होती, बाईंनीच तिला परत पाठवलं. बाईंनी स्वतः सांगितलं मला. लिहा."

कारकुनानं भराभरा लिहिलं. साहेबांनी मान हलवली आणि आभार मानले. ती उठली नाही.

"अजून आहे," ती म्हणाली. "वस्ती वर आली तेव्हा शाळेला कुलूप होतं, सगळ्यांनी पाहिलं. किल्लीवाल्या मॅडम समोर उभ्या होत्या. रात्रभर पत्र्यावर गारठलेली माझी सासू आज जिवंत आहे ती या छपराखाली आली म्हणून. कुलूप या बाईंनी फोडलं. तेही लिहा."

त्याचा इथं संबंध नाही, असं साहेब म्हणाले. झालंय तुमचं, सही करा. कारकुनानं कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं तो उचलला आणि ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचायला लागली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"एकच आहे यात," ती म्हणाली. "दोन्ही लिहा, नाहीतर माझी सही नाही."

साहेबांनी वन्संकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. वन्संच्या तोंडातून एक शब्द निघाला असता तर चित्र पालटलं असतं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. इस्त्रीवालीनं कागद टेबलावर ठेवला आणि सही न करता निघून गेली. जाताना बाईंना ओलांडून गेली, पण नजर वर केली नाही.

तिच्या सहीवाचून दुसरा आरोप उभा राहिला नाही. पहिला राहिला. कुलूप फोडलं हे बाईंनी स्वतःच सांगितलं, आणि त्याबद्दल त्यांना नोकरीवरून काढलं. संप मिटला म्हणजे विझला. बाकीच्यांना परत घेतलं. कंत्राटवाल्यांचा प्रश्न विचारात घेतला जाईल असं आश्वासन मिळालं, आणि पहिलीच्या बाई बाळाला घेऊन माहेरी गेल्या. चौथीवर दुसऱ्या कोणीतरी आल्या. वन्सं एकदा भावाच्या घरी आल्या, दारातच उभ्या राहिल्या. बाईंनी आत या म्हटलं. त्या आल्या, बसल्या, आणि चहा होईपर्यंत इतक्या रडल्या की शेवटी बाईंनाच त्यांची समजूत काढावी लागली. त्याचा बाईंना राग आला, आणि तो पुढेही बरेच दिवस गेला नाही.

मग शाळा रिकामी करायचा हुकूम आला आणि पूरग्रस्तांना आपापल्या घरी पाठवलं. घरं म्हणजे भिंती, आणि त्यांच्या आत गुडघाभर गाळ. बाई फावडं घेऊन खालच्या वस्तीत गेल्या. आपण का जातोय हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरी बसवत नव्हतं, एवढंच.

इस्त्रीवाली एकटीच घमेल्यानं गाळ उपसत होती. म्हातारी बाहेर एका पिंपावर बसली होती. बाईंना पाहून इस्त्रीवाली थांबली, पण या म्हणाली नाही. बाई उंबऱ्याबाहेरूनच गाळ ओढायला लागल्या. त्यांच्या हातांना खडूची सवय, थोड्याच वेळात फोड आले. घमेलं भरलं की ती उचलायची आणि गल्लीत ओतून यायची. ती गेली की बाई दुसरं भरून ठेवायच्या. असं बरंच चाललं. आतली गादी भिजून दगडासारखी झाली होती. इस्त्रीवाली ती एकटीच ओढायला लागली आणि घसरून पडली. बाई आत शिरल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. गादीला अजून अंथरुणाचा वास होता. दोघींनी ती बाहेर आणून भिंतीला टेकवली.

इस्त्रीवाली तिथंच खाली बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. बाई तिच्याजवळ गेल्या नाहीत. तेवढा हक्क आपल्याला नाही हे त्यांना कळत होतं. पिंपावरची म्हातारी आपली मूठ चोळत राहिली.

मग तोंड पुसून इस्त्रीवाली म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"माहीत आहे."

"तिथं बोलले ते तुमच्यासाठी नाही. झालं ते झालं, म्हणून बोलले."

"हो."

"तुम्ही समोर आलात की मला ती वही घेऊन निघालेली दिसते. रोज नका येऊ."

बाईंनी मान हलवली. फावडं उचललं. निघणार तेवढ्यात घराच्या आत काहीतरी कलल्याचा आवाज आला, आणि दोघींनीही तिकडे पाहिलं. लोखंडी कपाट गाळात एका बाजूनं खचत होतं.

"ते मला एकटीला निघायचं नाही," इस्त्रीवाली म्हणाली. मग घमेलं उचलत म्हणाली, "उद्या या. सकाळीच या. परवाचं परवा बघू."